पिवळ्या स्वेटरचा गळा

१२ जानेवारी

मामी,

वाकून नमस्कार. आमचा पोहण्याचा मास्तर, म्हणजे तुझा जावई, म्हणतो की पत्रातला नमस्कार उभ्यानेही चालतो. पण मी आत्ता खरोखरच वाकलेली होते, कारण लोकरीचा गुंडा कपाटाखाली गेला होता.

होय, लोकर. मी एका बाळासाठी स्वेटर विणतेय. पिवळा. हसून घे एकदाचं. आठवीत तू शिकवलेला मफलर अजून अर्धाच आहे, हे मीही विसरलेले नाही.

फोन करणार होते. पण तुमच्याकडे फोन केला की मामा स्पीकर लावणार, तू स्वयंपाकघरातून ओरडून उत्तरं देणार, आणि माझं विचारायचं ते राहूनच जाणार. शिवाय गळा तोंडी सांगता येत नाही. मला चित्र हवंय.

अडलंय ते असं. पाठ पूर्ण झाली. पुढचा भाग काखेच्या वर चार बोटं आला. तिथे मधले टाके बंद करायचे आणि दोन खांदे वेगवेगळे विणायचे, असं पुस्तकात लिहिलंय. तसं केलं. तर दोन्ही खांदे डावीकडे झुकले, शेजाऱ्यांच्या भिंतीला कान लावून बसल्यासारखे. उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा तेच. दुकानात दिवसभर लोकांची नाकं नि कान मोजून चष्मे बसवणारी मी, एवढ्याशा गळ्यापाशी माझी मती गुंग झाली.

हा स्वेटर विकतचा नकोय आणि, रागावू नकोस, तुझ्या हातचाही नकोय. माझ्याच हातचा हवाय. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी एका ठिकाणी जायचंय आणि तो त्या बाळाच्या अंगात जायलाच हवा. माझं फार काही त्यावर अवलंबून आहे. जास्त विचारू नकोस.

तुझी
भाची


१७ जानेवारी

भाचीबाई,

अनेक आशीर्वाद. मला ‘जास्त विचारू नकोस’ असं लिहिणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. तरी आधी गळ्याचं बघू, मग तुझ्याकडे वळते.

खांदे एकाच बाजूला झुकले कारण दोन्ही वेळा तू ओळीच्या सुरुवातीलाच टाके कमी केलेस. एका खांद्याला गळा ओळीच्या सुरुवातीला येतो, दुसऱ्याला शेवटी. टाके कमी करायचे ते नेहमी गळ्याच्या कडेला, बाहीच्या कडेला कधीच नाही. पुस्तक मिटून ठेव आणि विणलेला भाग स्वतःच्या छातीवर धर. गळा कुठल्या बाजूला आहे ते आपोआप कळेल. आणि मधले टाके बंद करूच नकोस. एका मोठ्या सेफ्टी पिनेवर झोपवून ठेव. शेवटी गळ्याची पट्टी विणशील तेव्हा त्यांना उठवायचं. चित्र मागच्या बाजूला काढलंय. मामांच्या मते तो गळा नसून मडक्याचं तोंड आहे. त्यांना कधी चित्रकला कळली होती!

आता माझे प्रश्न. बाळ कुणाचं? केवढं? त्याच्या डोक्याचा घेर किती?

यातला शेवटचा प्रश्न कामाचा आहे. बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने मोठं असतं. गळा मानेच्या मापाने केला तर डोकं आत जात नाही आणि बाळ आकांडतांडव करतं. पहिले दोन प्रश्न मात्र निव्वळ चौकसपणाचे. भोचकपणाचे नव्हेत हं. भोचक माणूस दुसऱ्याला सांगण्यासाठी विचारतो, मी स्वतःच्या समाधानासाठी विचारते. मग ते दुसऱ्यालाही कळतं, हा भाग वेगळा.

तुझी
मामी


२२ जानेवारी

मामी,

खांदे सरळ झाले! छातीवर धरून आरशासमोर उभी होते तेवढ्यात मास्तर आला. म्हणाला, “तुला जरा आखूड होतोय.” पण दोन खांदे एकमेकांकडे बघताहेत हे त्यालाही कौतुकाचं वाटलं. बराच वेळ हातात घेऊन बसला होता.

पाठ दीड वीत झालीय. मधले टाके तू म्हणालीस तसे पिनेवर झोपलेत. आता बाह्या, मग शिवण, मग पट्टी. पट्टी किती ओळींची? आणि बंद कशी करू?

बाळ लहान आहे. अगदी लहान. डोक्याचा घेर मला माहीत नाही आणि तो कुणाला विचारावा अशी सोय नाही. बाळांची डोकी साधारण असतात तेवढंच धर ना. कुणाचं ते सांगेन कधीतरी.

तुझी
भाची


२६ जानेवारी

भाचीबाई,

अगदी लहान बाळ आणि दीड वीत पाठ? ते बाळ आहे की फौजदार?

चल, वाढत्या अंगाचा करतेयस असं धरते. पण गळा वाढत्या अंगाचा करायचा नसतो. सैल गळा खांद्यावरून घसरतो आणि बाळाच्या छातीला वारा लागतो. तू ‘अगदी लहान’ म्हणतेस म्हणून अगदी लहानाचाच गळा सांगते. झोपवलेले टाके उठव, दोन्ही बाजूंच्या उतारावरून टाके उचल, एक सुलट एक उलट अशा चार ओळी विण आणि बंद कर. झालं.

इथे माझ्या विणकामाच्या वर्गातल्या बायका तर्क लढवताहेत. एकीच्या मते तुझ्या दुकानाच्या मालकिणीला नातू झालाय. मामा म्हणतात मास्तरच्या तलावावरच्या कुणाचं तरी असेल. मला दोन्ही पटत नाही. मालकिणीच्या नातवासाठी कुणी स्वतः उसवत बसत नाही, विकतचा आणून देतं.

म्हणून एकच विचारते आणि मग गप्प बसते. हे बाळ तुझ्या पोटात तर नाही ना गं? असेल तर नुसतं ‘हो’ लिही. मामांनाही सांगणार नाही.

मामी


४ फेब्रुवारी

मामी,

डोकं अडकलं.

काल शनिवारी आम्ही गेलो. मी तिला मांडीवर घेतलं आणि स्वेटर डोक्यावरून घातला. नाकापर्यंत आला नि थांबला. पुढे जाईना, मागे येईना. आत ती अशी ओरडायला लागली की मला काही सुचेना. मी ओढत राहिले आणि गळा आणखी घट्ट होत गेला. शेवटी तिथल्या सांभाळणाऱ्या ताई धावत आल्या आणि त्यांनी कात्रीने गळ्याच्या पट्टीसकट खांद्याची शिवण कापली. लालबुंद चेहरा बाहेर आला. नंतर मास्तरच्या बोटाशी खेळली, पण माझ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

परत येताना सगळा राग तुझ्यावर निघत होता. ‘चार ओळी विण आणि बंद कर, झालं!’ घरी आल्यावर लक्षात आलं की तुला माप कुठे दिलं होतं मी.

ती अगदी लहान नाही. दहा महिन्यांची आहे. माझ्या पोटात नाही आणि नव्हतीही. तू विचारत होतीस बाळ कुणाचं. ते अजून कुणाचंच नाही. आमचं व्हायचंय. अनाथ मुलांच्या एका संस्थेत असते ती. मी तिला एकदाच, खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला पाहिलं होतं. पाठीचा अंदाज डोळ्यांनी घेतला, तो बरोबर निघाला. डोक्याचा आलाच नाही.

आमचे कागद झालेत. आता दर शनिवारी जाऊन तिच्याजवळ बसायचं. ती आमच्याशी रुळली असं तिथल्या मोठ्या बाईंना वाटलं, तर घरी आणायची. नाही वाटलं तर तिच्यासाठी दुसरं घर बघतील. माझ्या हातचं काहीतरी अंगात घालून तिला घरी आणावं, एवढंच माझ्या मनात होतं. आणि पहिल्याच दिवशी मी हे असं केलं.

तुला आधी सांगितलं नाही, कारण मागच्या वेळी गोड बातमी सगळीकडे पोचली आणि नंतर एकेकाला दुसरी बातमी कळवत बसावं लागलं. ते पुन्हा नाही झेपणार मला. आणि तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तूच अभिमानाने सांगतेस.

तुझी
भाची


९ फेब्रुवारी

भाचीबाई,

पत्र वाचलं आणि वर्गाला सुट्टी दिली. बायकांना वाटलं माझी दाढ दुखतेय. मामांनाही तेच सांगितलंय, कारण तीळ तोंडात तसाच धरून बसलेय. ते बिचारे मऊ खायला करून घालताहेत.

आधी रागावून घेते. माप लपवून गळा मागणारी तू पहिलीच. आणि डोक्याचा घेर कळल्याशिवाय गळा सांगणारी मीही पहिलीच. दीड वीत पाठ ऐकून मनात पाल चुकचुकली होती, तरी सांगून मोकळी झाले. म्हणून फिट्टंफाट.

आता उपाय. कापलेली शिवण पुन्हा शिवूच नकोस. दुसरीही सोडव आणि दोन्ही खांदे उघडे ठेव. पुढच्या खांद्यांना बारीक पट्ट्या विणून काजं कर, मागच्यांना बटणं लाव. गळ्याची पट्टी उसवून पुन्हा विण, आणि बंद करताना जाड सुई घे, हात सैल सोड. तू बंद करताना श्वास रोखून दोरा आवळतेस, लहानपणापासून बघतेय मी. गळा इतका उघडा हवा की तिचं डोकं जाताना लोकर गालाला लागायलासुद्धा नको.

आणि आता मला उत्तरं हवीत. दात किती आलेत? रांगते का? अंगठा चोखते का, आणि कुठला? झोप आली की कान ओढते की डोळे चोळते? अनोळखी माणसाकडे बघताना भुवया वर करते का खाली? हसते ती कशाला? कुठली नि कुणाची हे तू लिहू नकोस, मला त्याचं काही करायचं नाहीये. पण दात किती हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुझी
मामी


१८ फेब्रुवारी

मामी,

दात खाली दोन, वर एक, तोही तिरपा. अंगठा डावा. झोप आली की कान ओढते. भुवया खाली, चांगल्या जाड आहेत, रागीट दिसतात. हसते फक्त मास्तरच्या शिंकेला. त्यामुळे तो तिथे खोटं खोटं शिंकत बसतो आणि ताई त्याला औषधं सुचवतात. रांगते, पण उलटी. पुढे यायला जाते नि मागेच सरकते. हवी ती वस्तू लांब जाते म्हणून चिडते, आणि चिडून आणखी मागे जाते.

हे सगळं मी लांबून पाहिलेलं आहे. जवळ ती येऊ देत नाही.

बटणं लावून, गळा उघडा करून मी काल स्वेटर नेला होता. पिशवीतून नुसता पिवळा रंग दिसला आणि तिने भोकाड पसरलं. मग तो बाहेर ठेवून आले, तरी माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड. त्याच्या आधीच्या शनिवारी, तुझं पत्र यायच्या आत, स्वेटर न नेताच गेले होते. तेच. माझ्याकडे बघितलं की तिला तो गळा आठवत असणार.

निघताना मोठ्या बाई म्हणाल्या, “अजून दोनदा या, मग आपण बोलू.” वाईट नाहीत त्या. पण ‘मग आपण बोलू’ हे ज्या आवाजात म्हणाल्या तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत काही बरं दिसलं नाही की मीही त्याच आवाजात त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे पाठवते.

स्वेटर कपाटात टाकलाय. लोकरीकडे बघवत नाही. मला वाटतं, मामी, ती रुळेल. फक्त माझ्याशी नाही.

भाची


२३ फेब्रुवारी

भाचीबाई,

डोळे पूस आणि स्वेटर कपाटातून काढ. पुढच्या वेळी न्यायचाय. घालायला नाही, उसवायला.

नीट वाच. घरी सगळ्या शिवणी सोडव आणि बटणं आधी काढून घे, नाहीतर तोंडात घालेल. फक्त पुढचा भाग ने. तिथे गेलीस की तिच्याकडे बघू नकोस, बोलावू नकोस, हात पुढे करू नकोस. खाली बस आणि दोऱ्याचं टोक सोडवून सावकाश उसवायला लाग. विणकाम जिथे संपवलेलं असतं तिथूनच उसवतं, म्हणजे गळ्याकडून. तिचं डोकं जिथे अडकलं तेच सगळ्यात आधी जाईल. ज्याची भीती बसलीय ते नाहीसं होताना तिला बघू दे.

टोक तिच्या हातात देऊ नकोस. तिचं तिला घेऊ दे. घेतलं की मात्र नजर हलवायची नाही, दोरा मानेभोवती जाता कामा नये.

येईल का, असं तू विचारशील. मी स्वतःला चौकस म्हणवते, पण दहा महिन्यांच्या मुलीपुढे मी कोण? जमिनीवर पिवळा दोरा वळवळतोय आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं, हे मला जमलं नसतं.

तुझी सगळी मेहनत त्यात आहे, ठाऊक आहे मला. दोन खांदे सरळ झाले तेव्हा केवढी खूश झाली होतीस. उसवताना रडू आलं तर रडून घे. तिलाही कळू दे की तिथे रडणारी ती एकटीच नाही.

माझी दाढ अजून दुखतेच आहे. मामा आता डॉक्टरकडे न्यायचं म्हणताहेत. लवकर कळव.

मामी


१२ मार्च

मामी,

तुझं पत्र आलं तोवर एक शनिवार तसाच गेला होता. एकच उरला होता.

गेलो. ती कोपऱ्यात, माझ्याकडे पाठ. पिवळं दिसताच ओरडायला लागली. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांना वाटलं असणार ही बाई वेडी आहे, पुन्हा तोच स्वेटर घेऊन आली. मी खाली बसले आणि टोक ओढलं. पट्टी गेली. झोपवून उठवलेले मधले टाके गेले. मग एक खांदा, मग दुसरा. तू म्हणाली होतीस तसं रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही.

थोड्या वेळाने खोलीत एकच आवाज उरला, माझ्या नाक ओढण्याचा. ती गप्प झाली होती. मान वळवून बघत होती. दोरा हलला की भुवया वर. हो, वर! तुला कळवायचं म्हणून मी ते नीट पाहून ठेवलं. मग तिला यायचं झालं. आणि तिला उलटंच रांगता येतं, हे तुला माहीत आहे. भिंतीकडे तोंड, खांद्यावरून नजर दोऱ्यावर, आणि मागे मागे सरकत ती आली आणि पाठीकडून येऊन माझ्या मांडीवर आदळली. मास्तरला खरी शिंक आली. ती हसली. मग दोऱ्याचं टोक स्वतः पकडलं आणि ओढलं. एक ओळ गेली. माझ्याकडे बघितलं. दुसरी ओढली. मी एक, ती एक, असं करत आम्ही दोघींनी तो सगळा उसवला.

ताई तिला झोपवायला न्यायला आल्या तेव्हा तिने माझ्या स्वेटरचा गळा दोन्ही मुठींत धरला. तो निळा, मला नोकरी लागली तेव्हा तू विणून दिलेला. ताई एक मूठ सोडवायच्या तोवर दुसरी घट्ट. मोठ्या बाई म्हणाल्या, “राहू द्या जरा.” ती तशीच धरून झोपली. मी हललेसुद्धा नाही. पाय बधिर झाले होते, पण सांगते कुणाला!

दोन-तीन दिवसांनी बाईंचा फोन आला. गेल्या बुधवारी घरी आणली. अंगात संस्थेतलाच फ्रॉक होता, माझ्या हातचं काहीच नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आत्ता शेजारच्या खोलीत झोपलीय. मी दर थोड्या वेळाने जाऊन बघतेय, मास्तर मला हसतोय आणि मग तोही जाऊन बघतोय.

आता सांग मामांना. वर्गातल्या बायकांना सांग, वाण्याला सांग, वाटेत भेटेल त्याला सांग. दाढ बरी कर.

एक विणकामाचा प्रश्न आहे. ती कडेवर आली की तो गळाच धरते, खाली ठेवलं तरी सोडत नाही. ओढून ओढून इतका सैल झालाय की एका खांद्यावरून उतरतो. दुकानात गिऱ्हाइकं बघतात. तो पुन्हा कसा आवळायचा?

तुझी
भाची


१७ मार्च

भाचीबाई,

मामांना सांगितलं. “मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” म्हणाले. साफ खोटं. मग चष्मा पुसायला म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. वाण्याला सांगायची वेळ माझ्यावर आली नाही, ते काम त्यांनीच उरकलं. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं येतोय. मला तो तिरपा दात बघायचाय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सैल झालेला गळा आवळता येतो. पट्टी उसवायची, टाके पुन्हा उचलायचे, बारीक सुईवर विणायचे. अर्ध्या दिवसाचं काम. पण मी ते करून देणार नाही आणि तूही करायचं नाहीस. गिऱ्हाइकं बघतात तर बघू देत.

आवळलास तर तिने धरायचं कुठे?

मामी